दुकानचा उजेड आणि घरचा पडदा

साडी घ्यावयास गेलेली गृहिणी ती दुकानाच्या दाराशीं नेते आणि उन्हांत धरून पाहते, हें दृश्य महाराष्ट्रांतील कोणत्याहि कापडबाजारांत आजहि दिसतें. दुकानांतील दिव्याखालीं जो रंग मोरपिशी भासला तो घरीं तसाच निघेल याची खात्री नसते, हें तिला ठाऊक असतें. मडकें बोटानें वाजवून घ्यावें, तांदूळ दांताखालीं चावून पाहावा, सोनें कसोटीवर घासावें, हा पारखीचा वारसा आपल्याकडे फार जुना आहे. परंतु दूरचित्रवाणीचा सपाट पडदा घरीं आणावयाचा असतो तेव्हां ही पारख लंगडी पडते. पडदा कांहीं दाराशीं नेतां येत नाहीं. आणि रांगेनें लावलेल्या दहा पडद्यांत जो सर्वांत झगझगीत तोच उत्तम, असा निवाडा डोळा तेथल्या तेथें देऊन मोकळा होतो. डोळ्याच्या या उतावळेपणानें सपाट पडद्याच्या इतिहासाला कसें वळण दिलें, आणि नवा संच घेऊं इच्छिणाऱ्यानें त्यावरून काय ध्यानांत घ्यावें, हा या भाषणाचा विषय आहे.

श्रोते हो, जुना पडदा सपाट कां नव्हता हें प्रथम पाहिलें पाहिजे. १८९७ सालीं स्ट्रासबुर्ग येथील प्राध्यापक कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनीं कॅथोड किरणांची नळी तयार केली. पुढें जिला घरोघर पिक्चर ट्यूब म्हणूं लागले, तिचें हें मूळ होय. निर्वात काचपात्राच्या मागच्या टोकांतून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि पुढच्या काचेच्या आंतून दिलेल्या लेपावर आदळतो. जेथें आदळतो तेथें ठिपका उजळतो. चुंबकाच्या योगें हा झोत आडव्या ओळींनीं वरून खालीं इतक्या वेगानें फिरवितात कीं डोळ्याला अखंड चित्र दिसावें. लंडनमध्यें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बी. बी. सी. नें नियमित टेलिव्हिजन सुरू केला तो याच नळीच्या भरंवशावर.

आतां झोताला पडद्याच्या कडेपर्यंत वळावयाचें तर मागें अंतर हवेंच. पडदा जितका रुंद तितकी नळी खोल, असा हा व्यवहार होता. शिवाय आंत हवा नाहीं आणि बाहेरून वातावरणाचा दाब. २९ इंची नळीच्या तोंडावर हा दाब अडीच टनांहून अधिक भरतो. तो सोसण्यासाठीं काच जाड, आणि क्ष-किरण अडविण्यासाठीं तिच्यांत शिसें! असा संच हलवावयाचा म्हणजे घरांतील दोन धट्टेकट्टे पुरुष लागत, यांत नवल नाहीं.

हिंदुस्थानांत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईस दूरचित्रवाणीचें केंद्र सुरू झालें. रंगीत चित्रें १९८२ सालीं आलीं. त्या काळीं निवड अशी फारशी नव्हतीच. पेटी लाकडी, पुष्कळदां सरकत्या दारांची, कुलूप लावतां येईल अशी. आणि तिची जागा खोलीच्या कोपऱ्यांत, कारण मागें निमुळतें होत जाणारें तिचें धूड कोपऱ्यांतच नीट मावे. बसणारांची मांडणीहि त्यावरूनच ठरे. शेजारपाजारची मंडळी सतरंजीवर दाटीवाटीनें, कोणी अगदीं कडेला, कोणी दाराबाहेर उभे राहून पाहत. पण कडेच्या माणसालाहि चित्र तेंच आणि तसेंच दिसे. नळीचा हा गुण ती गेल्यावर लोकांच्या लक्षांत आला.

पडद्याचें माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कां घेतात, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. आरंभींच्या नळ्यांचें तोंड वाटोळें असे. म्हणून व्यास हेंच तिचें माप ठरलें. पुढें पडदा चौकोनी झाला, व्यासाच्या जागीं कर्ण आला, आणि रीत तीच टिकली. जुन्या पडद्याची रुंदी व उंची ४ ला ३ या प्रमाणांत असल्यामुळें त्याचा कर्ण बरोबर ५ येई. शाळेंत फळ्यावर काढलेला ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण जणूं दिवाणखान्यांत येऊन बसला होता. सपाट पडद्यांबरोबर १६ ला ९ हें प्रमाण रूढ झालें आणि हिशेब बदलला. ५० इंच कर्णाच्या जुन्या आकाराचें क्षेत्रफळ १२०० चौरस इंच भरतें, तर तेवढ्याच कर्णाच्या नव्या आकाराचें १०६८ च्या आसपास. इंच तेच, पडदा लहान! २९ इंची जुना संच काढून ३२ इंची सपाट संच आणणाऱ्या घरांत तर मोठीच मौज झाली. जुन्या नळीच्या कडा चौकटीखालीं झांकलेल्या असत, तरीहि चित्राची उंची १६ इंचांच्या जवळ होती. ३२ इंची नव्या पडद्याची उंची पावणेसोळा इंच. तीन इंच अधिक घेऊनहि उंची तसूभर वाढली नाहीं. वाढली ती केवळ रुंदी. उलट एकाच घाटाचे दोन पडदे तोलतांना वाढ वाटते त्याहून मोठी असते. ४३ इंचांवरून ५५ इंचांवर गेलें कीं क्षेत्रफळ दीडपटीच्याहि वर जातें, कारण क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गानें वाढतें.

असो. भिंतीवर तसबिरीप्रमाणें टांगतां येईल असा टेलिव्हिजन हें शास्त्रज्ञांचें जुनें स्वप्न होतें, आणि तें पुरें करणाऱ्या दोन वाटा परस्परांपासून अगदीं भिन्न होत्या.

पहिल्या वाटेचा आरंभ झाला गाजरापासून. १८८८ सालीं प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर हे गाजरांतून मिळविलेल्या कोलेस्टेरॉलचा एक संयुक्त पदार्थ तापवून पाहत होते. १४५.५ अंशांवर तो वितळला, परंतु द्रव गढूळ राहिला; १७८.५ अंशांवर तोच द्रव एकाएकीं स्वच्छ झाला. एका पदार्थाला दोन वितळणबिंदु कसे, या कोड्यांतून द्रवस्फटिकांचा, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण स्फटिकासारखी आंतील शिस्त राखणारे पदार्थ यांचा शोध लागला. पुढें पाऊणशें वर्षें हा शोध पुस्तकांतच राहिला म्हटलें तरी चालेल. अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेंत जॉर्ज हायलमायर यांनीं १९६४ च्या सुमारास विजेच्या योगें द्रवस्फटिकाचा पारदर्शकपणा बदलून दाखविला, आणि १९६८ सालीं कंपनीनें तें जगाला कळविलें. परंतु पिक्चर ट्यूबवर जिची सारी भिस्त, त्या कंपनीनें ही वाट शेवटपर्यंत चालली नाहीं. हेंच दैव अमेरिकेंतील दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या वांट्याला आलें. वेस्टिंगहाऊसमध्यें पीटर ब्रॉडी यांनीं १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यामागें त्याचा स्वतंत्र विद्युत्-खटका बसविण्याची युक्ति सिद्ध केली. आजच्या टेलिव्हिजनचा प्रत्येक द्रवस्फटिकी पडदा या युक्तीवर उभा आहे. पण कंपनीनें तें काम सोडून दिलें. दरम्यान बाझल येथें शाट व हेल्फ्रिश यांनीं १९७० सालीं द्रवस्फटिकाला पीळ देण्याची पद्धति शोधली, आणि इंग्लंडांत हल विद्यापीठांतील जॉर्ज ग्रे यांनीं साध्या खोलीच्या उष्णतेंत टिकणारे द्रवस्फटिक बनविले. या सगळ्याचें पीक काढलें तें जपाननें. १९७३ सालीं शार्प कंपनीनें खिशांतील हिशेबयंत्रावर हा पडदा बसविला. १९८४ सालीं एप्सननें तळहातावर मावणारा रंगीत टेलिव्हिजन विकावयास काढला. १९८८ सालीं शार्पचा १४ इंची रंगीत पडदा तयार झाला. आंकड्यांपासून चित्रापर्यंतचा हा प्रवास पंधरा वर्षांचा.

दुसरी वाट प्लाझ्माची. तिचा उगम तर शाळेसाठींच झाला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. इलिनॉय विद्यापीठांत ‘प्लेटो’ नांवाचें विद्यार्थ्यांना पाठ देणारें संगणकयंत्र होतें. त्याला स्वस्त व स्थिर पडदा हवा म्हणून डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनीं १९६४ सालीं दोन काचांमध्यें वायु कोंडून, त्याला विजेनें पेटवून अक्षरें उमटविलीं. तीं अक्षरें नारिंगी असत. रंगीत चित्रापर्यंत पोंचावयाला आणखी पंचवीस-तीस वर्षें गेलीं. जपानांतील फुजित्सू कंपनीनें १९९२ सालीं २१ इंची रंगीत प्लाझ्मा काढला आणि थोड्याच वर्षांत ४२ इंची. १९९७ सालीं असा ४२ इंची संच अमेरिकेंत सुमारें १५,००० डॉलरांना, म्हणजे त्या वेळच्या भावानें पांच लाख रुपयांहून अधिक किंमतीला, मिळत असे.

दोन्ही वाटांचा भेद नीट समजून घेतला म्हणजे पुढील सर्व कथा उलगडते. प्लाझ्मांत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. जेथें काळें दाखवावयाचें तेथें ठिपका जवळजवळ विझवितां येतो. द्रवस्फटिकाला स्वतःचा प्रकाश नाहीं. त्याच्या मागें दिवा सतत जळत असतो आणि द्रवस्फटिक खिडकीच्या झडपेप्रमाणें तो कमीअधिक अडवितो. झडप कितीहि घट्ट लावली तरी फटींतून थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अंधाऱ्या खोलींत त्याचें काळें करडें दिसतें. कोणी म्हणेल, काळ्याचें एवढें महत्त्व कशाला? तर चित्राची खोली, चेहऱ्यावरील सावल्या, रात्रीचा देखावा, हें सगळें काळ्यावर उभें असतें. पांढऱ्या कागदावर कोळशानें काढलेलें चित्र आणि राखाडी कागदावर काढलेलें चित्र यांत जो फरक, तोच येथें.

परंतु भर उजेडांत हाच न्याय उलटतो. प्लाझ्माचा एकंदर झगझगाट कमी. छतावरील दिव्यांचा उजेड त्याच्या काचेवर व आंतील लेपावर पडला कीं काळें फिकटे आणि चित्र मलूल भासे. द्रवस्फटिकामागचा दिवा वाटेल तेवढा प्रखर करतां येतो. आणि संच विकत घेतात कोठें? दुकानांत! तेथें छताला नळीदिव्यांच्या ओळी, भिंतीवर वीस पडदे एकमेकांशीं चढाओढ करीत असलेले, आणि प्रत्येकाची मांडणी अशी केलेली कीं प्रकाश पराकोटीचा, रंग भडक आणि पांढरा रंग निळसर, कारण निळसर पांढरें डोळ्याला अधिक उजळ वाटतें. या सभेंत प्लाझ्माची गत भर बाजारांत हलक्या आवाजांत गाणाऱ्या गवयासारखी झाली. घरीं, सायंकाळीं दिवे मंद करून जो पडदा सरस ठरला असता, तो दुकानांत दुपारीं नापास झाला.

प्लाझ्मा केवळ यामुळेंच हरला असें म्हणणें अन्यायाचें होईल. तो वजनानें जड होता आणि वीज अधिक खाई. त्याचे ठिपके फार बारीक करणें अवघड होतें, त्यामुळें लहान आकारांत व पुढील सूक्ष्म चित्रांत त्याला शिरकाव कठीण गेला. इकडे शार्पचे अध्यक्ष माचिदा यांनीं १९९८ सालींच जाहीर केलें होतें कीं २००५ पर्यंत जपानांत आपण विकूं ते सारे संच द्रवस्फटिकी असतील. २००४ सालीं त्यांचा कामेयामा येथील प्रचंड कारखाना सुरू झाला, आणि काच जसजशी मोठी होत गेली तसतशी किंमत उतरत गेली. २००७ च्या अखेरच्या तिमाहींत जगांत विकल्या गेलेल्या द्रवस्फटिकी संचांनीं प्रथमच पिक्चर ट्यूबच्या संचांना मागें टाकलें. त्याच वर्षीं पायोनियरनें ‘कुरो’, म्हणजे जपानी भाषेंत ‘काळा’, या नांवाचे प्लाझ्मा संच काढले. काळ्या रंगाच्या बाबतींत जाणकार लोक पुढें कित्येक वर्षें इतर संच त्यांच्याशीं ताडून पाहत असत. पण २००९ सालीं त्या कंपनीनें टेलिव्हिजनचा धंदा सोडण्याचें जाहीर केलें. पॅनॅसॉनिकनें २०१३ च्या शेवटीं प्लाझ्मा पडद्यांचें उत्पादन थांबविलें, आणि २०१४ सालीं सॅमसंग व एल. जी. यांनींहि हात काढून घेतला. किंमत, वीज आणि दुकानचा उजेड या तिहींनीं मिळून हा निकाल लावला, हें म्हणणें सत्याला धरून होईल. आणि तिहींपैकीं शेवटच्याचा उच्चार फारच थोडे लोक करतात.

या जयानंतर नांवांचा घोळ सुरू झाला, आणि आज संच घेणाराची खरी फसगत येथें होते. द्रवस्फटिकामागें पूर्वीं बारीक नळीदिवे असत. जपानी शास्त्रज्ञ आकासाकी, आमानो व नाकामुरा यांनीं निळा एल. ई. डी. दिवा साधल्यावर, ज्याबद्दल त्यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, त्या नळ्यांच्या जागीं हे इवले दिवे आले. वीज वाचली, पेटी पातळ झाली, हें खरें. पण २००९ च्या सुमारास अशा संचांना सरसकट ‘एल. ई. डी. टीव्ही’ म्हणूं लागले, तेव्हां ती निराळीच जात आहे असा समज पसरला. वस्तुतः कंदील तोच होता. आंतली वात तेवढी बदलली होती. ‘क्यू. एल. ई. डी.’ या नांवाखालीं जें विकतात तेंहि बहुधा द्रवस्फटिकच. त्यांत रंग अधिक शुद्ध करणारे अतिसूक्ष्म कण घातलेले असतात, ज्यांच्या शोधाला २०२३ चें रसायनशास्त्राचें नोबेल मिळालें. मात्र एका अक्षरानें वेगळें असलेलें ‘ओ. एल. ई. डी.’ हें प्रकरण खरोखर निराळें आहे. ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेंत चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनीं १९८७ सालीं दाखविलेल्या सेंद्रिय द्रव्यांच्या थरांपासून तो निघाला. सोनीनें २००७ सालीं त्याचा ११ इंची संच काढला, आणि एल. जी. नें २०१३ सालीं ५५ इंची. यांत पुन्हां प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो. प्लाझ्माबरोबर गेलेलें काळें असें दुसऱ्या दारानें परत आलें. प्लाझ्माचा एक दोषहि त्याबरोबर आला. एकाच जागीं तासन् तास राहणारी आकृति, जसें वाहिनीचें चिन्ह किंवा बातम्यांची सरकती पट्टी, कालांतरानें पडद्यावर डाग ठेवूं शकते. ज्या घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी चालते, त्या घरानें हा विचार केलेला बरा.

आतां घरचा विचार. पहिली गोष्ट अंतराची. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, भेद कळतो. ४३ इंची पडद्याची रुंदी ९५ सेंटिमीटर. तीवर आडव्या ओळींत १९२० ठिपके असतील तर एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एवढा ठिपका पावणेदोन मीटरांपलीकडून वेगळा ओळखतां येत नाहीं. म्हणजे दहा फुटांवर बसणाऱ्या कुटुंबाला त्या आकारांत याच्या चौपट ठिपके देणारा ‘फोर-के’ घेतला तरी रेखीवपणांत फरक जाणवणें कठीण. पडदा बराच मोठा असेल किंवा आसन जवळ असेल, तरच त्या जादा ठिपक्यांचें चीज होतें.

दुसरी गोष्ट बसण्याच्या मांडणीची. द्रवस्फटिकी पडद्यांत दोन मुख्य पोटजाती आहेत. हिताचीनें १९९६ च्या सुमारास बाजारांत आणलेल्या ‘आय. पी. एस.’ जातींत कडेनें पाहणाऱ्यालाहि रंग बरेचसे तसेच दिसतात, पण काळें फिकें असतें, ‘व्ही. ए.’ जातींत काळें चांगलें, पण कडेनें पाहिलें कीं चित्र विटल्यासारखें होतें. दोघे जण समोर बसून पाहणारें घर आणि आजीपासून नातवापर्यंत दहा माणसें खोलीभर पसरून पाहणारें घर यांची गरज एक नव्हे. तिसरी गोष्ट आवाजाची. पेटी पातळ झाली तेव्हां ध्वनिक्षेपकाला जागा उरली नाहीं. पुष्कळ संचांत तो खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेला असतो. चित्र पूर्वींपेक्षां स्पष्ट आणि संवाद पूर्वींपेक्षां अस्पष्ट, अशी वृद्ध मंडळींची तक्रार असते, ती कानाचा दोष म्हणून उडवून लावूं नये.

आकाराच्या निवडींत सरकारी कराचाहि हात होता. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या सर्व संचांवर वस्तु व सेवा कर १८ टक्के झाला, आणि त्याहून मोठ्यांवर तो २८ टक्केच राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरील करहि १८ टक्क्यांवर आणण्यांत आला, तेव्हां ३२ इंचांवर थांबण्याचें हें एक कारण सरलें.

दुकानांत गेल्यावर रिमोट मागून घेऊन संचाच्या मांडणींत ‘घर’ किंवा ‘सिनेमा’ असा जो पर्याय असतो तो लावून घ्यावा. प्रथम चित्र पिवळट व मंद वाटेल. डोळा स्थिरावण्यास पांच-सात मिनिटें द्यावीं. मग समुद्रकिनारे आणि फुलें यांची चित्रफीत बंद करवून रात्रीचा एखादा प्रसंग दाखवावयास सांगावें. चेहऱ्याच्या सावलीकडील भाग दिसतो कीं नाहीं तें पाहावें. चार पावलें डावीकडे व चार उजवीकडे जाऊन तोच चेहरा पुन्हां पाहावा. आवाज बेताचा ठेवून कोणाचें तरी बोलणें ऐकावें. घरांतील आसनापासून भिंतीपर्यंतचें अंतर सुतळीनें मोजून ती सुतळी खिशांत नेली असेल, तर तेवढ्या अंतरावर उभें राहून पाहतां येतें. गर्दीची वेळ टाळून सकाळीं गेल्यास दुकानदार बहुधा भिंतीवरील दोन दिवेहि मालवून देतो.